पाळणाघरातल्या मुलांसाठी रोजची डायरी कोणती घ्यावी? (नाशिक)

इंदिरानगर_ताई

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला माझं घरगुती पाळणाघर आहे. सध्या ७ मुलं आहेत. दोघं एक वर्षाच्या आतली, तिघं दीड ते अडीच वर्षांची, आणि दोघं साडेतीनच्या पुढची. ती बालवाडी सुटल्यावर येतात. बरेच पालक सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीने जातात, त्यामुळे सकाळी साडेसहालाच दार उघडावं लागतं. सोडायला एक जण येतो, न्यायला दुसरा. सकाळी आजोबांनी दिलेला निरोप संध्याकाळी आईला ठाऊक नसतो, आणि आम्ही बाबांना सांगितलेलं आईपर्यंत पोचत नाही. म्हणून जूनपासून प्रत्येक मुलाची रोजची डायरी सुरू करायची आहे.

दुकानात मिळते ती शाळेची डायरी: गृहपाठाचे रकाने, सुट्ट्यांची यादी. दूध आणि झोप लिहायला जागाच नाही. ऑनलाइन बाळांच्या छापील वह्या मिळतात, पण त्या इंग्रजी आणि एका पानावर एवढे रकाने की भरता भरता दिवस संपेल. मदतीला एक मावशी आहेत. त्यांना वाचता येतं, लिहायला मात्र वेळ लागतो. दोन घरांत हिंदी बोलतात.

तर प्रश्न असे. तयार डायरी घ्यावी, साधी वही आखावी की स्वतः फॉर्म करून छापून घ्यावा? कोणते रकाने हवेतच? तिन्ही वयांना एकच डायरी चालेल का? आणि हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर काय बिघडतं?

गंगापूर_रोड_पाळणाघर

ताई, आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं त्यावर ठरतं. तिन्ही वयांना एकच डायरी चालत नाही.

दीड वर्षाच्या आतल्या बाळाला रोज एक पूर्ण पान लागतं. दूध, वरचं खाणं, दोन-तीन झोपा, सात-आठ वेळा लंगोट किंवा डायपर, हे सगळं वेळेसह लिहायचं असतं. दीड ते तीनच्या मुलाला अर्धं पान पुरतं: जेवण, दुपारची एक झोप, शी-शूची सवय कुठवर आली, आणि दोन ओळी निरोप. तीनच्या पुढच्या मुलाला आठवड्याचं एक पान बास. त्याचं रोजचं रोज लिहायची गरज नाही. नेहमीपेक्षा वेगळं काही झालं तेवढंच लिहा, आणि बालवाडीच्या बाईंचा निरोप असेल तर तो. मोठ्या मुलांना लहान बाळाचं पान दिलं की निम्मे रकाने रिकामे राहतात. रिकामे रकाने दिसायला लागले की लिहिणारा कंटाळतो आणि वाचणाराही बघणं सोडतो.

आता रकाने. बहुतेक डायऱ्या चुकतात त्या इथे: त्या फक्त पाळणाघराने लिहायच्या असतात. पानाचा वरचा भाग घरच्यांचा हवा. त्यात पाच गोष्टी: बाळ किती वाजता उठलं, शेवटचं दूध किंवा खाणं किती वाजता आणि किती, रात्र कशी गेली (ताप, खोकला, उलटी, जागरण), घरून औषध दिलं असेल तर कोणतं, किती, किती वाजता, आणि आज न्यायला कोण येणार, किती वाजता. संध्याकाळी तुम्ही कितीही छान लिहिलंत तरी सकाळच्या या पाच ओळी नसतील तर दिवसभर अंदाजाने चालावं लागतं. सकाळी आठला बाळ रडू लागलं आणि शेवटचं दूध पावणेसहाला झालंय की साडेसातला, हे माहीत नसेल तर भूक, झोप की पोटदुखी हे ओळखणार कसं?

पालक लिहून आणत नाहीत ही तक्रार सगळीकडे आहे. त्यावर उपाय एकच. पिशवी आत घेण्याआधी दारातच डायरी उघडा, आजोबांना हे पाच प्रश्न विचारा आणि स्वतः लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. थोड्या दिवसांत बरेचसे लोक घरून लिहून आणू लागतात.

तुमच्या भागात काय लिहावं, त्याचेही काही नियम ठेवा.

दिलं किती ते नाही, पोटात गेलं किती ते लिहा. «१२० मिली दूध दिलं» यातून आईला काहीच कळत नाही. «१२० पैकी ८० घेतलं, ९:१०» यातून कळतं. जेवणासाठी सगळ्या मुलांना एकाच मापाची वाटी ठेवा. साधारण १५० मिलीची बरी पडते. ते माप डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण «अर्धी वाटी खिचडी» म्हटलं की प्रत्येक घर आपापली वाटी डोळ्यासमोर आणतं.

मावशींसाठी शब्दांऐवजी खुणा छापून घ्या. जेवणापुढे एक गोल, त्याचे चार भाग; जेवढं खाल्लं तेवढे भाग पेनाने रंगवायचे. शूला टिंब, शीला फुली, पातळ शीला दोन फुल्या. हिंदी बोलणाऱ्या घरांनाही या खुणा वाचता येतात. खुणांचा अर्थ मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मराठीत आणि हिंदीत छापा.

झोपेची फक्त वेळ लिहा, «चांगली झोपला» नको. कधी झोपला, कधी उठला. साडेचार ते सहा झोपलेलं मूल रात्री नऊला झोपणार नाही, हे आईला त्या वेळांवरून कळतं आणि ती तशी तयारी ठेवते.

आणि लिहायचं त्या त्या वेळीच. संध्याकाळी पाचला बसून सात मुलांचा दिवस आठवायला गेलं की वेळा सरसकट गोल होतात: ९ ला दूध, १ ला जेवण, २ ला झोप. मग त्या नोंदींचा उपयोग उरत नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळ मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर ओळीने सात खुंट्या लावा, प्रत्येकीवर त्या मुलाचं पान क्लिपबोर्डला लावलेलं. पेन दोरीने टांगू नका आणि टोपणाचं घेऊ नका. दोरी गळ्यात अडकते, टोपण तोंडात जातं. दाबायचं बॉलपेन, तेही वरच्या फळीवर.

आता शेऱ्यांबद्दल, कारण पालकांच्या मनाला लागतं ते तिथलंच. मुलाबद्दल मत लिहू नका, जे दिसलं ते लिहा. «आज खूप हट्ट केला» हे वाचून घरी मुलाला ओरडा बसतो. «वरण-भाताचं ताट दोनदा ढकललं, केळं पूर्ण खाल्लं» हे वाचून आई विचार करते की दात येत असतील का, घसा दुखत असेल का. «सारखा रडत होता» ऐवजी «बाबा गेल्यावर ७:०५ ते ७:२० रडला, मग खिडकीपाशी बसून गाड्या बघितल्या» लिहा. दोन आठवड्यांची अशी पानं शेजारी ठेवली की रडण्याची वेळ कमी होतेय की वाढतेय ते सरळ दिसतं. आणि दुसऱ्या मुलाचं नाव या डायरीत कधीच नको. चावा घेतला गेला असेल तर «खेळताना दुसऱ्या मुलाने उजव्या हाताला चावा घेतला, कातडी फाटली नाही, साबण-पाण्याने धुतलं» एवढंच. कोणी ते नाही.

छपाई_अंबड

छपाईच्या बाजूने सांगतो. तयार डायरी घेऊ नका, साधी वही रोज आखूही नका. स्वतःचा फॉर्म करून घ्या. त्याला ऑफसेट प्रेसचीही गरज नाही, एवढ्या थोड्या प्रतींना साधी झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट स्वस्त पडते.

आकार ए५ ठेवा, म्हणजे १४८ × २१० मिमी. ए४ कागद मधे दुमडला की ए५ होतो. ए४ आडवा धरून त्यावर तोच फॉर्म शेजारी शेजारी दोनदा बसवा आणि दोन्ही बाजूंनी छापा. पुस्तक छापताना पान नंबरांची उलटसुलट जुळणी करावी लागते, ती इथे नाही, कारण सगळी पानं सारखीच आहेत. मधल्या घडीपासून दोन्हीकडे १५ मिमी जागा कोरी सोडा, नाहीतर आतल्या कडेचा रकाना शिलाईत जातो. घरी केलेल्या फॉर्ममध्ये ही चूक फार दिसते.

हिशोब असा: महिन्याचे २६ दिवस धरले तर तीन महिन्यांना ७८ पानं. म्हणजे ८० पानी वही करा. एका ए४ मधून ४ पानं निघतात, तेव्हा एका वहीला २० कागद. सहा महिन्यांची जाड वही करण्यात अर्थ नाही. ती दुमडते, भिजते, हरवते आणि हरवली तर सहा महिने गेले.

तारीख आणि वार छापू नका, कोरे ठेवा. सणवार, आजारपण, गावाला जाणं यात छापील तारखांची पानं वाया जातात.

ओळीची उंची ८ मिमीच्या खाली नेऊ नका. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतो, ६ मिमीच्या रकान्यात ते एकमेकांत घुसतात. वरखाली १०-१० मिमी सोडले तर ए५ च्या पानावर १९० मिमी उरतात, म्हणजे ८ मिमीच्या २३ ओळी. तेवढ्यातच सगळं बसवायचं. लहान बाळाच्या पानाला मी असं वाटप करेन: नाव-तारीख १, घरून ५, दूध आणि खाणं ६, झोप ३, शी-शू २, औषध ३, निरोप २, सही १. बरोबर २३ होतात. आणखी एखादा रकाना हवासा वाटला तर आधी यातला कोणता काढणार ते ठरवा.

कागद ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). त्याहून पातळ घेतला तर मागचं लिखाण पुढे दिसतं, आणि इथे तर दोन्ही बाजू वापरायच्या आहेत. मुखपृष्ठ २५० च्या आसपासच्या कार्डाचं, वरून लॅमिनेशन. पावसाळ्यात त्याचाच उपयोग. जेल पेन आणि शाईचं पेन वापरू नका, पाण्याचा थेंब पडला की पसरतं. बॉलपेनची शाई टिकते. लेझर प्रिंट पाण्याने जात नाही, इंकजेटची बहुतेक वेळा पसरते, म्हणून छापून घेताना विचारा.

बांधणीबद्दल: स्पायरल दिसायला छान, पण दप्तरात दाबली की तार वाकते, टोक बाहेर येतं, आणि ती वही लहान मुलाच्या पिशवीत राहणार आहे. स्टेपलरच्या पिनाही नकोत. त्या सैल होऊन पडल्या तर रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जातील. मधोमध दोऱ्याची शिलाई करून घ्या. २० कागद आणि कव्हर शिलाईत आरामात बसतं, वही पूर्ण उघडते आणि सपाट राहते. शिवल्यावर पुढची कड एकदा कापून घ्या, कारण दुमडलेल्या २० कागदांत आतली पानं थोडी बाहेर येतात.

मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार भागात कागद आणि कार्ड सुटं मिळतं. मात्र मे-जूनमध्ये शाळांच्या वह्यांची घाई असते आणि दिवाळीच्या पुढेमागे कॅलेंडरांची. जूनला सुरू करायचं असेल तर एप्रिलमध्ये फॉर्म द्या.

कार्बनलेस कागदाची (वर लिहिलं की खालच्या पानावर आपोआप उमटतं) दुप्रत वहीही होते, पांढरी प्रत पालकांना आणि पिवळी तुमच्याकडे. ज्यांना दोन्हीकडे नोंद हवी त्यांना ती चांगली. पण तो कागद महाग पडतो, उन्हात ठेवला की अक्षर फिकट होतं, आणि खाली पुठ्ठा सरकवायला विसरलं की पुढच्या तीन पानांवर छाप उठतो.

गंगापूर_रोड_पाळणाघर

दादा, शिलाईची वही आणि माझे खुंटीवरचे क्लिपबोर्ड एकत्र जमणार नाहीत हे तुमचं वाचून लक्षात आलं. ताई, मग वहीच क्लिपला लावा, त्या दिवसाचं पान उघडून. ए५ ची सपाट उघडणारी वही क्लिपबोर्डवर नीट बसते. सुटी पानं वापरून फाइल करण्यापेक्षा ते बरं, सुटं पान वाऱ्याने आणि मुलांच्या हाताने कुठेही जातं.

दुप्रतीची गरज मला वाटत नाही. औषध आणि मूल पडणं-लागणं यांचीच नोंद तुमच्याकडे राहायला हवी, त्यासाठी वेगळं रजिस्टर असावंच. बाकी कोणत्या दिवशी किती खिचडी खाल्ली हे पाळणाघराने जपून ठेवण्याचं कारण नाही.

अंबड_दुसरी_पाळी

पालक म्हणून व्हॉट्सअॅपबद्दल लिहितो. पाळीवर असताना मशीनजवळ फोन नेता येत नाही. दुपारी अकरा मेसेज एकदम दिसतात आणि त्यात «१०:२० ला पातळ शी» हे फोटोंच्या मधे दडलेलं असतं. मेसेज आईच्या फोनवर येतात, रात्री मूल सांभाळणाऱ्या आजीकडे तो फोन नसतो. डॉक्टरांकडे गेल्यावर गेल्या चार दिवसांचं विचारलं तर बोटाने वर सरकवत शोधावं लागतं. वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवता येते. आजीलाही वाचता येते.

ग्रुप तर करूच नका. एकाच्या मुलाचा ताप सगळ्यांना कळतो, फोटो कुठून कुठे जातात त्याचा पत्ता लागत नाही. फोटो पाठवायचा तर त्या पालकांची लेखी परवानगी घेऊन, त्यांच्याच नंबरवर, आणि फोटोत दुसरं मूल नसावं. चित्र काढताना, माती खेळतानाचा आठवड्यातून एखादा फोटो पुरे. फोटो काढण्यात मुलांकडचं लक्ष जातं, तेही नको.

आणखी एक. ताप, पडणं, उलट्या हे डायरीत वाचायला मिळणं म्हणजे फार उशीर. तिथे थेट फोन हवा. आईला लागला नाही तर बाबांना, मग तिसऱ्या माणसाला. हे तीन नंबर आणि १०८ पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

वॉर्डातली_परिचारिका

छपाईवाल्या दादांनी औषधाला तीन ओळी दिल्या, त्या कमी करू नका. डायरीतल्या चुकीने खरोखर इजा होऊ शकते ती या रकान्यात.

«सिरप दिलं» किंवा «तापाचं औषध १ मिली» अशी नोंद धोक्याची आहे. पॅरासिटॅमॉलच्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत २४ किंवा ५०. ड्रॉप्सचे मिली सिरपच्या बाटलीतून दिले तर औषध निम्मं किंवा चौथ्या हिश्श्यावर येतं आणि ताप उतरत नाही. उलट सिरपचे मिली ड्रॉप्समधून दिले तर दुप्पट ते चौपट जातं, त्याने यकृताला इजा होऊ शकते. म्हणून चार गोष्टी कायम लिहाव्या: औषधाचं बाटलीवरचं पूर्ण नाव, त्याची ताकद (उदा. १२०/५), दिलेले मिली, आणि वेळ. खाली देणाऱ्याची सही.

सकाळच्या भागात घरून दिलेल्या औषधाची वेळ लिहायची ती याचसाठी. पॅरासिटॅमॉलच्या दोन डोसांत किमान ४ तास हवेत. बाबांनी ६ ला दिलं आणि लिहिलं नाही, तुम्ही ८ ला ताप बघून पुन्हा दिलं, असं होता कामा नये. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीतून घ्या, मागच्या वेळच्या नोंदीतून उतरवू नका. मधल्या काळात वजन बदललेलं असतं आणि बाटलीही बदललेली असू शकते.

ताप लिहिताना आकडा आणि जागा लिहा: «काखेत १००.६, ११:४०». नुसतं «अंग गरम» नको. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, आणि त्यापुढे ताप धरतात. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून जागा लिहिणं गरजेचं.

शी-शूचा रकाना अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण आजारात डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली तर जुलाब समजायचं. त्यात घरी झालेली आणि पाळणाघरात झालेली दोन्ही मोजायला हवीत, म्हणजे पुन्हा सकाळचा भाग आलाच. सहा तासांत शू झाली नसेल, तोंड कोरडं असेल, रडताना पाणी येत नसेल तर लगेच फोन. शीत रक्त, काळा डांबरासारखा रंग किंवा खडूसारखा पांढरा रंग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. ओआरएसचं पाकीट उघडलं तर किती पाण्यात मिसळलं आणि किती वाजता, ते लिहा. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच मिसळायचं, आणि केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. बाजारात २०० मिलीचं छोटं पाकीटही असतं, दोन्हींत गल्लत होते.

आईचं काढलेलं दूध येत असेल तर बाटलीवर आणि डायरीत काढल्याची वेळ हवी. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची खोली २५ अंशांवर राहत नाही, त्यामुळे आल्या आल्या फ्रिजमध्ये. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतलं उरलेलं दूध २ तासांनंतर टाकून द्या. पावडरचं दूध असेल तर पाजायला सुरुवात केल्यापासून १ तासाच्या आत संपवा, उरलेलं टाका.

पहिल्या पानावर, जे एकदाच भरायचं असतं, त्यावर लिहा: जन्मतारीख, वजन आणि ते कधी केलं, कशाची अॅलर्जी, चालू औषधं, पुढची लस कधी. लस झालेल्या दिवशी घरच्या भागात ते लिहिलं पाहिजे, कारण त्यानंतर येणारा ताप आणि मांडी दुखणं वेगळ्या नजरेने बघायचं असतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पानावर ठळक छापा: मध नाही, गुटी उगाळतानाही नाही. मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो, आणि घरून आलेल्या डबीत मध आहे का हे विचारावंच लागतं.

आणि नाशिक म्हटलं की द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल प्रत्येक डब्यात येतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, उभं चिरून चार फोडी करा. आडवं चिरलं तर गोल चकती घशात तशीच अडकते. डायरीत «द्राक्षं चिरून ८» असं लिहिलं की घरीही चिरून द्यायची सवय लागते. शेंगदाणे आणि फुटाणे या वयात नकोच.

इंदिरानगर_ताई

खूप उपयोगी पडलं, मनापासून आभार. अजून तीन गोष्टी विचारते. औषध द्यायला सांगणारे काही पालक लिहून द्यायला तयार नसतात, «तुमच्यावर विश्वास आहे» म्हणतात. मूल घरूनच खरचटलेलं आलं तर ते लिहावं का, पालकांना राग तर येणार नाही? आणि संपलेल्या वह्यांचं काय करायचं?

वॉर्डातली_परिचारिका

औषधाबाबत लेखी नसेल तर द्यायचं नाही. हा नियम प्रवेशाच्या वेळीच फॉर्मवर छापून सही घ्या, म्हणजे तो सगळ्यांना सारखा लागतो. मूळ बाटली, त्यावर मुलाचं नाव, चिठ्ठीची झेरॉक्स आणि त्या दिवसाच्या डायरीत पालकांची सही, या चार गोष्टी असतील तरच बाटली फळीवर जाईल. दुसऱ्या छोट्या बाटलीत ओतून आणलेलं औषध घेऊ नका. त्यावर ना नाव, ना ताकद, ना मुदत. अँटिबायोटिकची पावडर पाणी घालून तयार केली की तिची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून तयार केल्याची तारीख बाटलीवर हवी.

गंगापूर_रोड_पाळणाघर

येतानाच्या खुणा लिहायच्याच, आणि दारात, सोडणाऱ्याच्या समोर. «उजव्या गुडघ्यावर रुपयाएवढं खरचटलं आहे, खपली धरलेली, घरी पडला असं आजोबांनी सांगितलं.» एवढं साधं. राग येतो तो एखाद्याच मुलाचं लिहिलं तर. सगळ्यांचं लिहिता, डास चावलेलाही लिहिता, हे दिसलं की कोणी मनावर घेत नाही. शिवाय संध्याकाळी कपडे बदलताना आईला ती खूण दिसली की पहिला फोन तुम्हालाच येतो, तेव्हा ही ओळ दोन्ही घरांच्या कामी येते. एकाच मुलाच्या अंगावर पुन्हा पुन्हा आणि सांगता न येणाऱ्या खुणा दिसू लागल्या तर मात्र तो डायरीचा विषय नाही, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.

तुमच्याकडे पडलं तर डायरीत दोन ओळी आणि रजिस्टरमध्ये पूर्ण नोंद: वेळ, जागा, काय करताना, अंगाचा कोणता भाग डावा की उजवा, काय उपचार, कोणाला किती वाजता कळवलं, पालकांची सही. डोक्याला लागलं असेल तर लहानसा टेंगूळ असला तरी लगेच फोन, आणि डायरीत लागल्याची नेमकी वेळ. पुढचे २४ ते ४८ तास घरच्यांनी उलटी, गुंगी, वागण्यातला फरक याकडे लक्ष द्यायचं असतं, ते तास त्या वेळेपासून मोजतात.

वह्यांचं म्हणाल तर डायरी मुलाची, म्हणजे पालकांची. तीन महिने भरले की त्यांना देऊन टाका आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर वजन, औषधं, फोन नंबर पुन्हा भरून घ्या. जुन्या पानावरून उतरवू नका, पालकांना विचारून भरा, नंबर बदललेले असतात. रजिस्टर तुमच्या कपाटात कुलपात. ते पालकांना दाखवायचं झालं तर त्यांच्या मुलाचंच पान दाखवता यावं, म्हणून रजिस्टरमध्येही एका नोंदीला एक स्वतंत्र पान ठेवा, एकाखाली एक नोंदी नकोत.

छपाई_अंबड

ताई, तुमच्या ७ मुलांचं गणित मांडून देतो. दोन बाळांना रोज एक पान: तीन महिन्यांच्या दोन वह्या, प्रत्येकी २० कागद, एकूण ४०. मधल्या तिघांना अर्धं पान: ३९ पानं लागतात, ४० पानी वहीला १० कागद, तिघांचे ३०. मोठ्या दोघांना आठवड्याचं पान: तीन महिन्यांत १३-१४ पानं, १६ पानी वहीला ४ कागद, दोघांचे ८. सगळे मिळून ७८ कागद. ५०० कागदांच्या एका रिममध्ये वर्षभराच्या चारही खेपा होऊन कागद उरतो.

पण चारही खेपा एकदम छापू नका. पहिल्या तिमाहीच्याच वह्या करा, आणि त्याआधी प्रत्येक फॉर्मच्या ६ झेरॉक्स काढून एक आठवडा मावशींना भरायला द्या. कोणता रकाना रोज कोरा राहतो आणि कुठे लिखाण चौकटीबाहेर जातं ते त्यात दिसेल, मग फॉर्म दुरुस्त करून शिलाईला द्या. तीन वयांच्या वह्यांना कव्हरचे तीन रंग घ्या, घाईत खुंटीवरून चुकीची वही उचलली जाणार नाही.

इंदिरानगर_ताई

फॉर्म आज रात्री आखते. बाळांच्या पानाचा फोटो इथे टाकते, औषधाचा रकाना परिचारिका ताईंनी एकदा बघावा. कव्हर पिवळं, हिरवं आणि निळं घेईन.

वॉर्डातली_परिचारिका

टाका, बघते. «ताकद» हा शब्द मावशींना कळेल का ते आधी विचारा. नसेल तर «बाटलीवरचा आकडा» असं छापा.